मुंबई–नागपूर : आकाशातील अंतर आणि जमिनीवरील वेळ

(कामण येथे ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांच्यापुढे केलेले भाषण)



मुंबईहून नागपूर किती लांब, या प्रश्नाला तीन उत्तरे संभवतात आणि तिन्ही खरी आहेत. लोहमार्गाने हे अंतर ८३७ किलोमीटर भरते. समृद्धी महामार्गाची लांबी ७०१ किलोमीटर आहे. मात्र त्याचे पश्चिमेकडील टोक मुंबईत नसून भिवंडी तालुक्यातील आमणे येथे आहे. दोन्ही विमानतळांना जोडणारी सरळ रेषा सुमारे ६८० किलोमीटरची होते.

नागपूरच्या मध्यवर्ती स्थानाचा लाभ टपाल खात्याने फार पूर्वी ओळखला होता. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरास एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि आपापल्या शहरी परतत.

आजचे प्रवासी विमान ताशी सुमारे ८०० किलोमीटर वेगाने जाते. त्या हिशेबाने नागपूर पाऊण तासाहून थोडे अधिक दूर ठरावे. प्रत्यक्षात वेळापत्रकात सुमारे दीड तास दाखविलेला असतो. धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे, वेग कमी करीत खाली येणे यांत वेळ जातो. त्यातच मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्हींचा एकाच वेळी स्वतंत्रपणे वापर करता येत नाही आणि विमानांना खोळंबून राहावे लागते.

आता आपल्या कामणचा विचार करू. येथून मुंबई विमानतळ सरळ रेषेत सुमारे ३० किलोमीटर आहे. विमानाच्या वेगाने हे अंतर सव्वादोन मिनिटांचे! परंतु मध्ये वसईची खाडी आहे. चिंचोटीला महामार्ग गाठून, खाडीवरील पूल ओलांडून, दहिसरमार्गे जाताना वाहनांच्या गर्दीत एक-दीड तास सहज मोडतो. रेल्वेने जायचे, तर कामण रोड स्थानकावरून वसई–दिवा मार्गाच्या मोजक्या गाड्यांपैकी एक धरून वसई रोडला गाडी बदलणे आले. त्यात विमानतळावर आधी पोहोचण्याचे दोन तास मिळवा. दीड तासाचे उड्डाण पाच-सहा तासांचा प्रवास होऊन बसते.

तात्पर्य, दोन शहरांमधील वेळ विज्ञानाने कमी केला. घरापासून शहरापर्यंतचा वेळ कमी करणे हे आपले काम आहे. विमानप्रवास रोज कोणी करीत नाही. पण हाच हिशेब प्रसूतीसाठी निघालेल्या भगिनीस आणि महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीस लागू पडतो. कागदावर दवाखाना दहा किलोमीटरवर असेल. पावसाळ्यात, रात्री, वाहन नसताना तो किती तासांवर आहे?

म्हणून पंचायत सदस्यांना माझी विनंती आहे, की रस्ता, एस.टी. फेरी किंवा आरोग्य उपकेंद्र यांसंबंधीच्या प्रत्येक प्रस्तावात किलोमीटरबरोबर लागणारा वेळही नोंदवावा. तोही दोनदा मोजून, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यात. शिक्षकांनी मुलांकडून नकाशावर दोरा ठेवून अंतर मोजून घ्यावे आणि मग तेथे जाऊन आलेल्या वडीलधाऱ्यांना वेळ विचारावयास सांगावे. त्या दोन आकड्यांमधील तफावत जेथे सर्वांत मोठी निघेल, तेथूनच विकासाच्या कामास प्रारंभ व्हावा.