वाड्याच्या पायाबद्दल कोण बोललं?



निघण्यापूर्वी थोडं बोलतो. पुण्याच्या पेठांमधले हेरिटेज वॉक बहुधा शनिवारवाड्यापासून सुरू होतात. बांधकाम १७३० मध्ये सुरू झालं, दिल्ली दरवाजावर हत्तींना रोखणारे खिळे आहेत, १८२८ च्या आगीत आतला वाडा जळाला, ही माहिती मिळते. ती खरीच आहे. आपणही तिथूनच सुरुवात करू, पण सोबत मुक्ता साळवेचा निबंध घेऊन.

मुक्ता मांग समाजातली, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी, जेमतेम चौदा वर्षांची. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. इमारतींच्या पायात आपल्या लोकांना तेलशेंदूर पाजून पुरत, असं ती लिहिते. तालीमखान्यापुढून मांग-महार गेला, तर त्याचं शीर कापून गुलटेकडीच्या मैदानात त्याचा चेंडू करत, असंही लिहिते. वाड्याची उंची कुणीही दाखवील. पायाबद्दल ही मुलगी बोलली.

दुसरा थांबा बुधवार पेठेत, दगडूशेठ गणपतीसमोर. इथल्या भिडे वाड्यात १८४८ मध्ये फुले दांपत्याने मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई तेव्हा सतरा वर्षांच्या होत्या. मोडकळीला आलेली ती इमारत डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडली गेली. राजवाड्याचे बुरूज जपले गेले. शाळेच्या भिंती मात्र आपल्या डोळ्यांदेखत ढासळल्या.

शेवटी गंज पेठ, म्हणजे आताची महात्मा फुले पेठ. इथल्या आपल्या घरचा पाण्याचा हौद जोतीरावांनी १८६८ मध्ये अस्पृश्यांसाठी खुला केला. तिथे जरा वेळ थांबू. शहरात कोणाला कुठलं पाणी मिळत होतं, हे कळलं की पेठांचा नकाशा वेगळा दिसायला लागतो.

आपल्यातले बरेच जण घरातले पहिले पदवीधर आहेत. जुन्या शहरात फिरताना पाहुण्यासारखं वाटतं, कारण पाट्यांवर आपली माणसं नसतात. म्हणून एक काम सांगतो. तुमचं गाव नागपूर असो, हैदराबाद असो की दिल्ली, घरी गेल्यावर आजीला विचारा: तुम्ही पाणी कुठून भरायचात? कुठल्या गल्लीतून जायची बंदी होती? कुठल्या देवळाच्या पायरीवर थांबावं लागायचं? जागेच्या नावासकट लिहून ठेवा. मुक्ताने लिहून ठेवलं, म्हणून आज तिची साक्ष आपल्या हातात आहे.

चला, निघू या.