मार नाही, पडणे नाही, तरी काळेनिळे डाग
(दादर येथील सभासद मेळाव्यातील भाषण)



वसतिगृहाचा अहवाल छापून तुमच्या हातात आहे, तो वाचून दाखवत नाही. आज एका आजीविषयी बोलते.

जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावरची, सत्तरीची. पावसाळा सरताना तिच्या दंडावर आणि मांडीवर तळहाताएवढे काळेनिळे डाग उठले. पाड्यावर कुजबुज सुरू झाली की सून मारते. सून रडत आली, "ताई, तुम्हीच सांगा ना त्यांना." मी आजीला विचारले. तिने काही न बोलता सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला. माझे समाधान झाले. पण मग डाग कशाचे, हे मी विचारलेच नाही. ते मला आजही टोचते.

कोणी तेल चोळून दिले. कोणी कमरेत इंजेक्शन दिले, तिथे मोठी सूज आली. आठवड्याने तिचे डोके असह्य दुखू लागले, उलट्या झाल्या, जीभ जड झाली. मुंबईला आणेपर्यंत शुद्ध हरपली होती. मेंदूत रक्तस्राव झाला होता. रक्ताच्या तपासणीचे उत्तर यायच्या आदल्या रात्री ती गेली.

उत्तर होते हिमोफिलिया, पण पुढे आयुष्यात जडलेला. आईकडून मुलग्याला येणारा जन्मजात हिमोफिलिया आपण ऐकलेला असतो. हा निराळा. यात शरीर स्वतःच प्रतिपिंडे तयार करते आणि ती रक्त गोठवणाऱ्या आठव्या घटकावर उलटतात. दहा लाखांत वर्षाला एक-दोन रुग्ण. बहुतेक वयस्कर, स्त्रियाही आणि पुरुषही. शिवाय नुकत्याच बाळंत झालेल्या काही तरुण मुली. कोणाच्या मागे कर्करोग असतो, कोणाच्या आमवात. जवळजवळ निम्म्यांत कारण सापडतच नाही. रक्त बहुधा कातडीखाली आणि स्नायूंत साकळते. मेंदूत क्वचित होते, पण झाले तर जिवावर बेतते.

फसगत होते ती अशी. प्लेटलेट नीट असतात, पीटीही नीट येते. एपीटीटी नावाची साधी तपासणी मात्र लांबलेली दिसते. मग रुग्णाच्या प्लाझ्मात निरोगी माणसाचा प्लाझ्मा मिसळून 37 अंशांवर दोन तास ठेवतात. जन्मजात रोगात उणीव भरून निघते, यात निघत नाही. म्हणून नुसता आठवा घटक देऊन सहसा भागत नाही. त्याला वळसा घालणारे, सातव्या घटकाचे औषध द्यावे लागते, ते फार महाग. आणि प्रतिपिंडे थांबवायला स्टेरॉइड.

रक्ताच्या अशा रोगांवर काम करणारी नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी इथून एका स्टेशनावर, परळला केईएमच्या आवारात आहे. 1957 पासूनची संस्था. आपण तिच्यावरून रोज गाडीने जातो.

अजून एक. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलिया आहे, पण त्याची व्याख्या आनुवंशिक रोग अशी आहे. आमच्या आजीसारखे रुग्ण त्या व्याख्येत बसत नाहीत. म्हणजे दाखल्याचा आधार नाही आणि औषध लाखांच्या घरात. मार्काच्या शुभवर्तमानातली बारा वर्षे रक्तस्राव सोसणारी स्त्री आठवते; तिचेही होते नव्हते ते वैद्यांवर खर्च झाले होते.

आरोग्यसेविकांना आम्ही आता एवढेच सांगतो: मार न लागता मोठे डाग उठले तर चोळू नका, स्नायूत इंजेक्शन नको, ॲस्पिरिनसारखी वेदनाशामके नकोत, एपीटीटी करून घ्या. डोकेदुखी, उलटी, गुंगी, तोंड वाकडे होणे, यांतले काही दिसले तर सकाळची एसटी बघत बसू नका, रात्रीच निघा.

रात्री निघालेले माणूस पहाटे परळला उतरते आणि केसपेपर कुठे काढायचा तेही त्याला कळत नाही. त्या वेळी सोबत उभे राहणारे दहा जण हवेत, दादर-परळ-लालबागचे. चहाच्या वेळी मी दाराशी वही घेऊन बसणार आहे. आजीची सूनही आली आहे, तिसऱ्या रांगेत. तिच्याशी जरूर बोला.