गाडीशेजारचा माणूस

जाणकारांच्या काटेकोर व्याख्येनुसार 1919 ते 1930 या काळातली मोटार म्हणजे ‘व्हिंटेज’. आपल्या मुंबईची काळी-पिवळी प्रीमिअर पद्मिनी त्यात बसत नाही. तरी 2023च्या ऑक्टोबरअखेर तिची टॅक्सी म्हणून मुदत संपली, तेव्हा लोक कॅमेरे घेऊन तिच्यामागे धावले.

असं काय होतं तिच्यात? स्टीअरिंगच्या दांड्यालाच गिअर, चकचकीत बंपर, गोल डोळ्यांचा चेहरा. बिघडली तर चालक स्वतः बॉनेट उघडून खटपट करी.

मीही तिचे फोटो काढले. सकाळच्या तिरप्या उन्हात, हेडलाइटच्या उंचीला उकिडवं बसून. भर दुपारी पत्रा नुसता चकाकतो, त्याची गोलाई हरवते. पण चालकाला कधी ‘जरा बाजूला व्हा’ म्हटलं नाही. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असते. तिच्यावर ज्यांचं घर चाललं, त्यांचं पुढं काय, हे रिकाम्या गाडीच्या फोटोत येत नाही. ती चमकही त्यांच्याच फडक्याची असते.

तुमच्या घरी जुन्या गाडीसमोर काढलेला फोटो असेल, तर आज त्याच्या मागं एवढं करा: माणसांची नावं लिहून ठेवा. गाडीचं नाव कुणीही सांगेल.