जुन्या लेथचा पंचावन्न दात्यांचा गिअर

मागल्या उन्हाळ्यात चोपडा तालुक्यातल्या एका वर्कशॉपात गेलो होतो. पंपाच्या निपलचे आटे गेलेले, केळीचे पाणी तुटलेले, दोन शेतकरी ओट्यावर बसलेले आणि लेथवाला कपाळाला हात लावून उभा. "काय व्हयनं भाऊ?" म्हटले, तर त्याने दाते तुटलेला गिअर पुढे केला. पंचावन्न दात्यांचा.

दोन इंची पाइपाला इंचात 11 आटे. त्याच्या लेथचा लीडस्क्रू इंचात 4 आट्यांचा. म्हणजे प्रमाण 4 ला 11, अर्थात 20 ला 55. आता 11 पडली मूळ संख्या! जिच्यात अकराने भाग जातो अशी चक्री नसेल, तर बाकीच्यांची कितीही उलटापालट करा, हे प्रमाण जुळत नाही. गुरुजींनी फळ्यावर हे मुलांना जरूर करून दाखवावे.

त्याने बाजारातून 55 दात्यांचाच एक गिअर आणला होता. बसलाही. पण खडखड करीत त्याने शेजारच्या चक्रीचे दाते खाल्ले. कारण, दाते मोजले, दात्याचे माप कोणी घेतले नाही.

आपल्याकडचे कितीतरी जुने लेथ इंची मापाचे. मेट्रिकचा कायदा 1956 चा. त्याआधीची यंत्रे अजून राबताहेत. त्यांचे माप काढायची रीत सोपी आहे. त्याच संचातला शाबूत गिअर घ्या, समजा 40 दात्यांचा. दात्यांत 2 मिळवा, झाले 42. बाहेरचा व्यास भरला 4.2 इंच. भागाकार 10, म्हणजे दहा डीपी. आता अडीच मॉड्यूलचा मेट्रिक गिअर तितक्याच दात्यांचा घेतला, तर व्यास 105 मिलिमीटर, आणि आपला 106.68. फूटपट्टीला हा फरक कुठला कळायला? व्हर्निअर नसेल तर उसना आणा.

शिवाय दात्याच्या बाजूचा कोन. जुन्यांत बहुधा साडेचौदा अंश, नव्यांत वीस. दोन्ही दाते उजेडात शेजारी धरले, तर विसाचा बुडाशी रुंद दिसतो.

जोड मिळालाच नाही, तर मिलिंग मशीनवर दाते पाडून घ्यावेत. 55 दात्यांना दोन नंबरचा कटर लागतो. तीन नंबरचा 54 वरच संपतो. चाळीसच्या इंडेक्सिंग हेडवर 33 भोकांच्या वर्तुळात दर दात्याला 24 भोके पुढे जायचे. आणि तुटका गिअर भंगारात घालू नका, कारागिराकडे बरोबर न्या. मधल्या भोकाचे आणि चावीच्या खाचेचे माप त्याच्यावरूनच घ्यायचे असते.