पुरावा कोणी द्यायचा?

(तालुक्याच्या गावी भरलेल्या एका अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



संयोजकांनी मला ‘ज्ञान, श्रद्धा आणि न्याय’ असा भारदस्त विषय दिला आहे. मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले. तत्त्वज्ञानाच्या प्रांतात मी पाहुणाच. तरीही निमंत्रण स्वीकारले, कारण हे तीन शब्द ग्रंथांत तीन वेगळ्या प्रकरणांत बसत असले, तरी रेशनच्या दुकानासमोरील रांगेत ते एकत्रच उभे असतात.

प्रारंभ एका इंग्रज गणितज्ञापासून करतो. विल्यम क्लिफर्ड यांनी १८७७ साली श्रद्धेच्या नीतीवर एक निबंध लिहिला. त्यात एका जहाजमालकाची गोष्ट आहे. जहाज जुने, वारंवार डागडुजी झालेले. त्यातून देशांतरास निघालेली कुटुंबे जायची आहेत. मालकाच्या मनात शंका येते. परंतु तपासणी आणि दुरुस्ती म्हणजे मोठा खर्च. तेव्हा परमेश्वरावर हवाला ठेवून तो शंका दडपतो आणि जहाज सुरक्षित आहे असे स्वतःला अगदी मनापासून पटवून घेतो. जहाज भर समुद्रात बुडते. मालकाला विम्याचे पैसे मिळतात! क्लिफर्ड यांच्या मते त्याची श्रद्धा प्रामाणिक असली तरी तो अपराधी. इतकेच नव्हे, जहाज सुखरूप पोचले असते तरीही अपराधीच, कारण समोर असलेल्या पुराव्यावरून तसे मानण्याचा त्याला अधिकार नव्हता.

विल्यम जेम्स यांनी १८९६ साली याला उत्तर दिले. पुराव्याची वाट पाहत थांबणे हाही एक निर्णयच असतो आणि त्याचीही किंमत मोजावी लागते, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो वाद मुख्यतः धर्मश्रद्धेचा आहे. त्यात मी शिरत नाही. माझे लक्ष गोष्टीतील एका साध्या व्यावहारिक बाबीकडे जाते. तपासणीचे साधन मालकाच्या हाती होते आणि चुकीची किंमत मात्र प्रवाशांनी दिली. पुराव्याचे ओझे कोणावर टाकायचे, हा वरकरणी ज्ञानशास्त्राचा दिसणारा प्रश्न वस्तुतः न्यायाचा आहे.

राज्यसंस्थाही असा जहाजमालक होऊ शकते. १९४३ सालचा बंगालचा दुष्काळ घ्या. सरकारी चौकशी आयोगाने मृतांची संख्या सुमारे १५ लाख मानली. अमर्त्य सेन यांचा अंदाज ३० लाखांच्या आसपास आहे. सेन यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखविले की, त्या वर्षी बंगालमधील धान्याची उपलब्धता मागील पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा जेमतेम ५ टक्क्यांनी कमी होती, आणि १९४१ पेक्षा तर अधिकच होती. अर्थात सरकारचे उत्पादनाचे आकडे फारसे चुकलेले नव्हते. चुकला होता तो आकड्यांमागचा समज. धान्य आहे म्हणजे उपासमार होणार नाही, ही ती श्रद्धा. युद्धखर्चाने आणि साठेबाजीने तांदळाचे भाव भडकले. शेतमजुराची आणि कोळ्याची कमाई जागच्या जागी राहिली. दुष्काळ संहिता दप्तरात होती, पण तिच्याखाली दुष्काळ जाहीर झाला नाही. खेड्यातील माणसाला आपला पुरावा मांडण्यासाठी कलकत्त्याच्या रस्त्यावर येऊन मरावे लागले.

बंगालकडून मी आपल्याकडे वळतो, कारण तीस वर्षांनी येथे याच्या नेमके उलट काहीतरी घडले. १९७२-७३ च्या दुष्काळात मी शाळकरी मुलगा होतो. गावाबाहेर खडी फोडण्याचे काम निघाले होते. सुकडीचा वास, मिलोची तांबडी भाकरी, हजेरीपट घेऊन फिरणारा मुकादम, आणि बोटांना चिंध्या गुंडाळून बसलेल्या बायकांची लांबच लांब ओळ मला अजून दिसते. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात जवळजवळ ५० लाख माणसे अशा कामांवर होती.

त्या अनुभवाच्या पाठोपाठ रोजगार हमीचा कायदा आला. वि. स. पागे यांनी मांडलेल्या कल्पनेवर तो उभा होता. १९७७ साली संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. शहरातील आम्हा पगारदारांकडून १९७५ पासून व्यवसाय कर घेतला जाऊ लागला, तो याच कामासाठी. (त्या कराबद्दल कुरकुरणाऱ्या सहकाऱ्यांना मी हे नेहमी सांगत असे. फारसा उपयोग झाला नाही.) या कायद्याने उत्पन्नाचा दाखला मागितला नाही. अंगमेहनतीचे काम मागणे हाच गरजेचा पुरावा मानला. पंधरा दिवसांत काम दिले नाही तर भत्ता देण्याची जबाबदारी सरकारची. मजुराच्या शब्दावर विश्वास, आणि खुलासा शासनाने करायचा!

या योजनेत खोट्या हजेऱ्या लागल्या, मजुरी महिनोन्‌महिने थकली, हे मी नाकारत नाही. त्याहून मूलगामी आक्षेप असा की, विश्वास ठेवला तोही घाम गाळून घेतल्यावरच. ज्याच्या अंगात घण उचलण्याचे बळ नाही, त्या म्हाताऱ्याच्या शब्दाचे काय? या आक्षेपाला माझ्यापाशी समाधानकारक उत्तर नाही. तथापि, अपात्र माणसाला चार दिवस काम मिळणे आणि भुकेल्याला नाकारले जाणे या दोन चुका एकाच तराजूत घालता येत नाहीत, एवढे त्या कायद्याने ओळखले होते.

आज रेशनच्या दुकानात यंत्र आले आहे. मोलमजुरीने ज्या बाईच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या, तिचा अंगठा ते ओळखत नाही. गळती थांबली पाहिजे, हे मलाही मान्य आहे. परंतु येथे पुन्हा तपासणीचे साधन एका बाजूला आणि चुकीची किंमत दुसऱ्या बाजूला अशीच वाटणी झाली आहे. माझी मागणी साधी आहे. अंगठा जुळला नाही तर त्याच दिवशी, वहीवर सही किंवा खूण घेऊन, धान्य द्यावे; चौकशी मागाहून, आणि ती पुरवठा खात्याने आपल्या खर्चाने करावी. तिला त्यासाठी तालुक्याला हेलपाटा घालायला लावू नये. शिवाय त्या महिन्यात किती जणांना परत पाठविले, याची यादी दुकानाच्या फळ्यावर लागली पाहिजे. ही मागणी कायद्यात कशी बसवायची, याचा मसुदा येथील काही कार्यकर्त्यांनी केला आहे. उरलेल्या वेळात त्यावरच चर्चा व्हावी.