चौथ्या आठवड्यात मी गळलो

आज बोलायचंय ऑनलाइन कोर्सवर. मेन विषय नाही हां, तो बाजूचा, क्रेडिटसाठी घेतलेला. यूजीसीच्या २०२१च्या नियमाने एका सेमिस्टरचे ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट 'स्वयम'वरून घेता येतात. म्हणजे गंमत म्हणून सोडायची गोष्ट नाही ती.

मी फर्स्ट इयरला पर्यावरणाचा घेतला होता, आठ आठवड्यांचा. राहायला बदलापूर, कॉलेज उल्हासनगरला, संध्याकाळी अंबरनाथ एमआयडीसीत पॅकिंगचं काम. ठरवलं होतं, व्हिडिओ लोकलमध्ये बघू. आता सकाळच्या बदलापूर लोकलमध्ये खिशातला मोबाइल काढायला हात तरी हलतो का? चौथ्याची असाइनमेंट राहिली. मग पाचवी तरी कशाला, असं झालं. आणि कोणी विचारलंच नाही. कॉलेजला चार दिवस दिसलो नाही तर कॅन्टीनवाला विचारतो, इथे कोणीच नाही.

नंतर कळलं, मी एकटा नव्हतो. हार्वर्ड-एमआयटीच्या ऑनलाइन कोर्सवरचा एक अभ्यास २०१९ साली 'सायन्स'मध्ये आला. २०१७-१८मध्ये नाव नोंदवणाऱ्या शंभरातले जेमतेम तीन जण शेवटपर्यंत पोचले. निम्म्याहून जास्त लोकांनी तर कोर्स उघडलाच नव्हता! पण पैसे भरून सर्टिफिकेटच्या रांगेत उभे राहिलेल्यांमध्ये ४६ टक्के टिकले. फुकट आहे ना, म्हणून सोडताना काही वाटत नाही.

दुसऱ्या वर्षी पुन्हा घेतला. या वेळी एका मॅडमनी आमचा बारा जणांचा व्हॉट्सअॅप ग्रुप केला. पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, वालधुनीच्या पुलावरून जाताना नदीचा एक फोटो टाका. अंबरनाथ-उल्हासनगरातून वाहणारी आपलीच नदी, नाक दाबूनच ओलांडायची ती. फोटो टाकले तर पाण्याचा रंग दर फोटोत वेगळा! कोण म्हणे जीन्सचं डाईंग, कोण म्हणे गटारं. रात्री साडेअकरापर्यंत भांडण. त्या आठवड्याचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला, कारण भांडायला मुद्दे हवे होते.

बाकी मॅडमनी फार काही केलं नाही. असाइनमेंटच्या आदल्या रात्री फक्त 'कोणाची राहिली?' एवढा मेसेज. ज्याचं उत्तर नाही, त्याला फोन. मला दोनदा आला. दुसऱ्यांदा मी शिफ्टवर होतो, त्या म्हणाल्या, सुटल्यावर दहा मिनिटं काढ.

आणि एक, हे नीट ऐका. कोर्सला नाव नोंदवलं म्हणजे परीक्षेला नोंदवलं असं नसतं. परीक्षेचा फॉर्म आणि फी वेगळी, तारीखही वेगळी. मार्कांचा मोठा वाटा, ७० किंवा ७५, परीक्षेचाच, आणि ती सेंटरवर जाऊन द्यावी लागते. आमच्यातल्या एकाने सगळ्या असाइनमेंट केल्या आणि फॉर्मच भरला नाही. ज्या जीमेलने नोंदणी केलीये, तो आज रात्री उघडून बघा. मेल प्रमोशनच्या टॅबमध्येही गेलेला असतो.

बारातले नऊ जण परीक्षेला बसलो.