शब्दांचा माग

(हीरक महोत्सवी सोहळ्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



आपण आताच पाहिलेला माहितीपट वीस मिनिटांचा आहे. त्यासाठी मुलाखतींचे चित्रीकरण मात्र एकतीस तासांचे झाले होते. त्यातून ही वीस मिनिटे कशी वेचली, असे अनेकांनी विचारले. उत्तर देताना मराठीच्या शिक्षिकेलाही सांगण्यासारखे काही सापडले.

हवे वाक्य शोधण्यासाठी चित्रफीत पुन्हा पुन्हा पुढे-मागे फिरवणे, ही जुनी रीत. आमच्या मुलांनी आधी सगळे बोलणे संगणकाकडून लिहवून घेतले. २०२२ साली खुली झालेली 'व्हिस्पर' ही प्रणाली मराठीही लिहून काढते आणि प्रत्येक ओळ चित्रफितीत केव्हा सुरू होते, केव्हा संपते, हे सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत नोंदवते. संहितेत शब्द सापडला की वेळ सापडते, आणि वेळ सापडली की दृश्य. सॅम लॅव्हीन यांनी २०१४ मध्ये तयार केलेले 'व्हिडिओग्रेप' हे साधन तर दिलेला शब्द जिथे जिथे आला असेल, ते सारे तुकडे कापून एकापुढे एक जोडून देते.

मुलांनी 'शाळा' हा शब्द शोधला. फारच थोडे हाती लागले. कारण माणसे 'शाळेत', 'शाळेला', 'शाळेच्या' असे बोलतात. सामान्यरूपाच्या तासाला जांभया देणारी हीच मुले धावत माझ्याकडे आली! 'शाळ' एवढेच शोधा, म्हटले. मग सगळे मिळाले. सोबत 'प्रयोगशाळा' आणि 'धर्मशाळा'ही आल्या. आपल्या इंदुरी मराठीने यंत्राला आणखी चकवले. काही मुलाखती त्याने हिंदी समजूनच लिहिल्या, आणि कोणी बोलत नव्हते तिथेही वाक्ये घातली. शेवटी मुलींनी एकतीसही तास कान देऊन ऐकले आणि संहिता दुरुस्त केली. एवढे कष्ट घ्यायचेच होते, तर यंत्र कशाला, असे मलाही वाटले. पण एकदा शुद्ध झालेली संहिता शोधायला क्षणही लागत नाही.

मग 'बाई' हा शब्द गोळा केला. कौतुकाची एक सुंदर माळ तयार झाली. त्यात एक माजी विद्यार्थी म्हणत होता, "बाईंमुळे मी शिकलो." तुकडा तिथेच कापलेला होता. संकलन करणारी नववीतली मुलगी मात्र संहितेचे पान घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. पुढची ओळ अशी होती : "आणि बाईंमुळेच माझ्या भावाने शाळा सोडली."

त्या बाई म्हणजे मीच. फी थकली म्हणून त्याच्या भावाला मी तीन दिवस वर्गाबाहेर उभे केले होते. नियम माझा नव्हता. उभे मात्र मी केले. त्या मुलीने विचारले, "बाई, पुढचे ठेवू का?" मी लगेच उत्तर दिले नाही, हेही आज सांगून टाकते. दुसऱ्या दिवशी तिला म्हटले, ठेव. त्या दोन वाक्यांमधला विराम तिने आपणहून ठेवला. मघाशी सभागृह शांत झाले, ते तेव्हाच.

सर्व मुलाखतींच्या संहिता छापून ग्रंथालयात ठेवल्या आहेत. ज्यांनी मुलाखती दिल्या, त्यांनी जाण्यापूर्वी आपापली पाने वाचावीत, आणि आपले बोलणे कुठे अर्धवट कापले गेले असेल, तर शेजारी ठेवलेल्या वहीत लिहून जावे.